जुन्या मोबाईलला एकच काम द्यावे

नवा मोबाईल घेतल्यानंतर जुन्याचे काय करायचे, या प्रश्नाला बहुतेक घरांत ‘राहू दे खणात, कधीतरी लागेल’ हेच उत्तर मिळते. ते ‘कधीतरी’ सहसा उजाडत नाही आणि खणात पडल्यापडल्या बॅटरी मात्र खराब होत जाते, कारण लिथियम-आयन बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने राहिली की तिची क्षमता कायमची घटते. म्हणून जुन्या फोनचा निर्णय नवा फोन आल्यावर पहिल्या महिन्याभरातच घ्यावा, आणि तोपर्यंत तो साधारण निम्मा चार्ज करून, बंद करून ठेवावा. निर्णय घेताना एक पथ्य पाळावे, ते म्हणजे एका फोनला एकच काम द्यावे. कॅमेरा, गाणी, मुलांचा अभ्यास आणि पाककृती हे सगळे त्याच्यावर लादले, तर त्यातले एकही नीट होत नाही, कारण ज्या फोनला आधीच एका फोनचे काम जड जात होते त्याला आपण चार फोनांचे काम देत असतो. ते एक काम कोणते असावे, हे फोनमध्ये काय बिघडले आहे यावरून ठरते.

पहिली तपासणी बॅटरीची करावी आणि तिच्यात सवलत देऊ नये. फोन काचेच्या किंवा फरशीच्या सपाट पृष्ठभागावर पाठीवर ठेवून हलकेच फिरवून पाहावा. तो भोवऱ्यासारखा सहज फिरत असेल, मागचे झाकण कडेने उचलले गेले असेल किंवा स्क्रीन चौकटीतून वर आली असेल, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. असा फोन चार्जिंगला लावू नये, दाबून झाकण बसवण्याचा प्रयत्न करू नये आणि बॅटरीला टोचून ‘हवा काढण्याचा’ विचारही मनात आणू नये, कारण आतला वायू ज्वलनशील असतो. दुरुस्तीच्या दुकानातून बॅटरी बदलून घ्यावी किंवा तो फोन थेट ई-कचऱ्यात द्यावा. बॅटरी केवळ लवकर उतरत असेल, फुगलेली नसेल, तर मात्र फोन बाद झालेला नाही, कारण एका जागी चार्जरला लावून करायची कामे त्याला अजूनही देता येतात.

त्यानंतर स्क्रीन, टच, पुढचा व मागचा कॅमेरा, स्पीकर, मायक्रोफोन, वायफाय आणि सिमचे नेटवर्क एकेक करून तपासावे. टच चालत नसला तरी निराश होऊ नये. अनेक अँड्रॉइड फोनना दोनशे रुपयांच्या आत मिळणाऱ्या, चार्जिंगच्या खाचेत बसणाऱ्या ओटीजी जोडणीने संगणकाचा साधा माऊस लावता येतो, पडद्यावर बाण दिसू लागतो आणि एकदाच करायची मांडणी त्या बाणाने पूर्ण करता येते. त्यानंतर ज्या कामात पडद्याला हात लावावाच लागत नाही, त्या कामाला तो फोन लावावा.

माहिती पुसण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी छायाचित्रे, संपर्क आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषणे नव्या फोनवर आल्याची डोळ्यांनी खात्री करावी, सिम आणि मेमरी कार्ड काढावे, मग सेटिंगमध्ये जाऊन गुगल खाते त्या फोनवरून काढून टाकावे आणि सर्वांत शेवटी फॅक्टरी रीसेट करावे, म्हणजे फोनमधले सगळे पुसून तो नव्यासारखा करावा. खाते न काढता फोनच्या बटणांच्या आधारे रीसेट केले, तर अँड्रॉइड ५.१ पासून आलेल्या संरक्षणामुळे फोन पुन्हा तेच जुने खाते आणि त्याचा पासवर्ड मागतो, आणि फोन दुसऱ्याला दिलेला असेल तर तो त्याच्या हाती निरुपयोगी ठरतो. आयफोनमध्ये ‘फाइंड माय’ ही हरवलेला फोन शोधण्याची सोय आधी बंद केली नाही, तर हीच अडचण येते. मात्र फार जुना फोन घरातच वापरायचा असेल, तर रीसेट करण्यापूर्वी थोडे थांबावे, कारण आज त्यावर चालत असलेले एखादे अ‍ॅप रीसेटनंतर प्ले स्टोअर अँड्रॉइडच्या त्या जुन्या आवृत्तीसाठी पुन्हा देईलच असे नाही. आयफोनवर निदान पूर्वी घेतलेल्या अ‍ॅपची ‘शेवटची सुसंगत आवृत्ती’ उतरवून घेण्याची सोय असते. ज्या फोनला सुरक्षा अद्यतने मिळणे थांबले आहे, त्यावर बँकेचे अ‍ॅप, यूपीआय किंवा मुख्य ईमेल ठेवू नये, आणि या फोनसाठी वेगळे गुगल खाते उघडावे.

बॅटरी दुबळी पण कॅमेरा आणि वायफाय चांगले, अशा फोनला सर्वांत शोभणारे काम म्हणजे पाळतीचा कॅमेरा. दारासमोरची जागा, दुकानाचा गल्ला, गोठा किंवा अंथरुणाला खिळलेल्या आजारी माणसाची खोली अशा ठिकाणी तो लावता येतो. ‘अल्फ्रेड कॅमेरा’ हे अ‍ॅप दोन्ही फोनवर एकाच खात्याने उघडले की जुना फोन कॅमेरा होतो आणि नवा फोन पडदा होतो, आणि बाहेरगावाहूनही घर दिसते. चित्र कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ नये असे वाटत असेल, तर ‘आयपी वेबकॅम’ हे अ‍ॅप घरातल्या वायफायपुरते चालते. त्यात लॉगिन आणि पासवर्ड ठेवण्याची सोय असते आणि ती वापरलीच पाहिजे. इंटरनेटचा हिशेब आधी करावा. सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने चित्र सतत पाठवले, तर दिवसाला सुमारे ११ जीबी डेटा खर्च होतो, म्हणून सिमच्या रोजच्या डेटावर असा कॅमेरा टिकत नाही. हालचाल झाली तरच चित्रण व्हावे अशी सेटिंग निवडावी, आणि पंखा, हलणारा पडदा किंवा झाडाची फांदी चौकटीत येणार नाही अशी जागा शोधावी. वीज मात्र फारशी लागत नाही. फोन ५ वॅट घेतो असे धरले, तरी महिनाभर अखंड चालवून साडेतीन युनिटच्या आसपास खर्च येतो.

खरी काळजी उष्णतेची घ्यावी लागते. चोवीस तास चार्जरला लावलेली आणि सतत शंभर टक्क्यांवर राहणारी बॅटरी गरम हवेत फुगण्याची शक्यता वाढते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत खिडकीच्या काचेमागे ठेवलेला फोन हाताला चटका देण्याइतका तापतो. त्यामुळे मागचे कव्हर काढावे, फोन थेट उन्हात किंवा पडद्याच्या कापडाला टेकून ठेवू नये, गादी, कागद व गवत यांपासून तो दूर असावा, पडद्याचा उजेड सर्वांत कमी करावा आणि जलद चार्जर न वापरता साधा, पण चांगल्या बनावटीचा २ अँपिअरचा चार्जर वापरावा. काही फोनच्या सेटिंगमध्ये चार्जिंग ८० किंवा ८५ टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. ती नसल्यास विजेच्या दुकानात मिळणारा टायमरचा प्लग घेऊन एक तास चालू, एक तास बंद असे चक्र लावावे. दर पंधरवड्याला फोन काढून तो फुगला नाही ना, हे पाहावे. कॅमेऱ्याची दिशा ठरवताना शेजाऱ्याचे दार चौकटीत येऊ देऊ नये, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खोलीत कॅमेरा लावायचा असेल तर त्यांना विचारूनच लावावा. काळजीपोटी लावलेला कॅमेराही न सांगता लावला तर पाळत ठरतो.

कोकणात किंवा घाटाखालच्या गावांत दुसरा एक उपयोग फार मोलाचा ठरतो. जांभ्या दगडाच्या जाड भिंतींमुळे माजघरात रेंज येत नाही, आणि पडवीच्या एका खांबापाशी किंवा माळ्याच्या खिडकीत मात्र ती मिळते, हा अनुभव तिकडच्या प्रत्येक चाकरमान्याला आहे. जुन्या फोरजी फोनमध्ये डेटाचे सिम घालून तो नेमका त्या जागी ठेवावा आणि हॉटस्पॉट सुरू करावा. मग घरातल्या इतर फोनना आत बसून वायफाय मिळते, आणि वीज गेल्यावरही फोनच्या स्वतःच्या बॅटरीवर काही तास काम चालू राहते. कोणीही न जोडलेले असताना हॉटस्पॉट आपोआप बंद होण्याची सेटिंग असते, ती आधी काढून ठेवावी, नाहीतर दर वेळी माळ्यावर चढावे लागते.

घरातल्या ज्येष्ठांसाठी जुना फोन देताना आपण सहसा त्यांना आपलाच संपूर्ण फोन देतो आणि मग ते गोंधळतात. त्याऐवजी पडद्यावर फक्त तीन-चार चिन्हे ठेवावीत, अक्षरे सर्वांत मोठी करावीत आणि फोन स्टँडवर ठेवून तो केवळ व्हिडिओ कॉलसाठी राखावा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक केलेली उपकरणे’ या सोयीने एकाच क्रमांकावर मुख्य फोनखेरीज आणखी चार उपकरणे जोडता येतात आणि त्यात दुसरा फोनही चालतो, त्यामुळे नवे सिम घ्यावे लागत नाही. मुख्य फोन १४ दिवस उघडलाच नाही, तर ही जोडणी तुटते, एवढे लक्षात ठेवावे. अँड्रॉइडमध्ये ‘स्क्रीन पिनिंग’ आणि आयफोनमध्ये ‘गायडेड अ‍ॅक्सेस’ सुरू केले की फोन एकाच अ‍ॅपमध्ये राहतो, चुकून दुसरीकडे जात नाही. औषधाच्या पाकिटावरची बारीक मुदत वाचण्यासाठी भिंगाचे अ‍ॅप असलेला एक फोन औषधांच्या डब्याजवळ ठेवणे, हे साधे काम अनेक चतुर कामांपेक्षा अधिक वापरले जाते.

फोनमधल्या अँड्रॉइडची आवृत्ती इतकी जुनी असेल की संकेतस्थळे उघडताना त्यांच्या सुरक्षा प्रमाणपत्राबद्दलच्या चुका दिसू लागतात, तर इंटरनेटशी झगडत बसण्यापेक्षा त्याला इंटरनेट नसलेले काम द्यावे. ‘किविक्स’ या अ‍ॅपने संपूर्ण मराठी विकिपीडिया फोनमध्ये साठवता येतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेला हा ज्ञानकोश इंग्रजी विकिपीडियाच्या मानाने लहान असल्यामुळे साध्या मेमरी कार्डावरही मावतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात विनामूल्य मिळतात. ती दुसऱ्या उपकरणावर उतरवून या फोनमध्ये घातली, की सिम नसलेला फोन मुलाच्या हाती निर्धास्तपणे देता येतो. ज्या फोनमध्ये एफएमची सोय आहे त्यात इअरफोनची तारच अँटेनाचे काम करते. तार लावून आवाज स्पीकरवर वळवला की स्वयंपाकघराला आकाशवाणी मिळते. अनेक रेडमी नोट फोनच्या वरच्या कडेला इन्फ्रारेडचा लहानसा काळा ठिपका असतो, आणि तो असेल तर फोन टीव्ही, एसी व सेटटॉप बॉक्स यांचा रिमोट होतो.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी जुना फोन नकाशासाठी राखावा, म्हणजे मुख्य फोनची बॅटरी संकटकाळासाठी शिल्लक राहते. जीपीएसला सिम किंवा इंटरनेट लागत नाही. ‘ऑरगॅनिक मॅप्स’सारख्या अ‍ॅपमध्ये महाराष्ट्राचा नकाशा घरीच उतरवून घ्यावा आणि वाटेत फोन विमान मोडवर ठेवावा. नेटवर्क नसताना उपग्रहांच्या कक्षांची माहिती फोनला थेट उपग्रहांकडूनच मिळवावी लागते आणि त्यात वेळ जातो, म्हणून पायथ्याच्या गावात, झाडीत शिरण्यापूर्वी, उघड्या जागी दहा-पंधरा मिनिटे तो स्थिर ठेवावा.

बटणांच्या जुन्या फोनचा उपयोग शेतकऱ्यांना आधीच माहीत आहे. रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेसाठी विहिरीपर्यंत चालत जावे लागू नये म्हणून पंपाच्या स्टार्टरला मोबाईल जोडण्याची कल्पना पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ या यंत्रणेत प्रत्यक्षात आणली आणि तिला २००९ मध्ये नोकियाच्या नवकल्पनांच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. आज मोबाईल स्टार्टर तयार मिळतात आणि तेच घ्यावेत. थ्री-फेज विजेशी घरगुती जोडण्या करून प्रयोग करणे जिवावर बेतू शकते. बटणांच्या अशा टूजी फोनमध्ये जिओचे सिम चालत नाही, त्यामुळे असा फोन सुटी बॅटरी काढून ठेवून ‘अडीअडचणीचा फोन’ म्हणून गाडीत टाकायचा असेल, तर कोणत्या कंपनीचे सिम त्यात चालते आणि ते रिचार्जअभावी बंद तर पडलेले नाही, हे पाहून घ्यावे.

यांपैकी कोणतेही काम घरात नसेल, तर फोन ज्याला गरज आहे त्याला द्यावा किंवा विकावा. देताना *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनच्या ओळखीचा क्रमांक टिपून ठेवावा आणि बिलाची प्रत सोबत द्यावी. जुना फोन घेणाऱ्यानेही तो क्रमांक दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर तपासून तो चोरीच्या यादीत नाही ना, हे पाहावे. फोन पूर्णपणे मेला असेल, तर तो रस्त्यावरच्या भंगारात देऊ नये. तिथे त्यातले मोल काढण्यासाठी सर्किट जाळले किंवा आम्लात बुडवले जाते आणि विष मात्र मागे उरते. योग्य रीतीने काढले तर ते मोल लहान नसते. टोकियो ऑलिंपिकच्या सुमारे ५,००० पदकांसाठी जपानमध्ये नागरिकांकडून गोळा केलेल्या जुन्या उपकरणांतून, ज्यांत सुमारे ६२ लाख मोबाईल होते, ३२ किलो सोने मिळवले गेले. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार वापरून झालेल्या उपकरणांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून आधी फोनच्या कंपनीचे संकलन केंद्र शोधावे. पुण्यात ‘पूर्णम इकोव्हिजन’सारख्या संस्थाही ई-कचरा गोळा करतात. बॅटरी सुटी असेल तर तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी, ती ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नये, आणि फोन सोपवण्यापूर्वी सिमचा कप्पा पुन्हा एकदा उघडून पाहावा, कारण मेमरी कार्ड बहुतेक वेळा तिथेच विसरलेले असते.