गॅलापागोसची जहाज-सफर कशी ठरवावी: आधी बेटं, मग जहाज

गॅलापागोसच्या सफरीची चौकशी सुरू केली की आधी हाती येतात ते केबिनचे फोटो आणि जेवणाचे मेन्यू. ते थोडे दिवस बाजूला ठेवा. हा इक्वेडोरचा ज्वालामुखीय द्वीपसमूह मुख्य भूमीपासून सुमारे १,००० किलोमीटर पश्चिमेला, भर पॅसिफिकमध्ये विषुववृत्तावर आहे. त्याच्या जमिनीचा जवळजवळ ९७ टक्के भाग राष्ट्रीय उद्यानात येतो. बहुतेक बेटांवर वस्ती नाही, हॉटेल नाही, साधा धक्काही नाही. तिथे पोचायला जहाज लागतं, पण बघायचं सगळं किनाऱ्यावर आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यात असतं. शिवाय एका बेटावर दिसणारा प्राणी शेजारच्या बेटावर दिसेलच असं नाही. म्हणून या सफरीत सगळ्यात महत्त्वाचा निर्णय बेटांचा. जहाज त्यानंतर.

१. कोणते प्राणी बघायचे ते लिहून काढा आणि त्यावरून महिना ठरवा

समुद्रसिंह, समुद्री इग्वाना हे मोठे सरडे, महाकासवं, निळ्या पायांचे बूबी पक्षी हे वर्षभर भेटतात. काही पाहुणे मात्र ठरावीक काळातच असतात. लहरी अल्बाट्रॉसचं उदाहरण घ्या. या पक्ष्याची जगातली जवळपास सगळी वीण एस्पान्योला बेटावर होते आणि तो तिथे साधारण एप्रिल ते डिसेंबर असतो. फेब्रुवारीत गेलात तर त्याच्या जागा रिकाम्या दिसतील. हिरवी समुद्री कासवं अंडी घालायला येतात ती मुख्यतः डिसेंबर ते मे या काळात.

हवामानाचे ढोबळ दोन भाग. डिसेंबर ते मे उकाडा, अधूनमधून पाऊस, शांत समुद्र आणि कोमट पाणी. जून ते नोव्हेंबर ढगाळ, भुरभुर पाऊस, वारा, खवळलेला समुद्र आणि दक्षिणेकडून येणाऱ्या हम्बोल्ट प्रवाहामुळे थंड पाणी. थंड पाण्यात खाद्य भरपूर असतं, त्यामुळे या दुसऱ्या काळात समुद्रपक्ष्यांची आणि पाण्याखालची धांदल मोठी असते. बोट लागण्याचा त्रास असेल तर ऑगस्ट ते ऑक्टोबर टाळा. मला विचाराल तर एप्रिलचा उत्तरार्ध ते मे. अल्बाट्रॉस आलेले असतात आणि समुद्र अजून बिघडलेला नसतो.

२. मार्ग वाचायला शिका

इथे वेळ घालवा. उद्यानाच्या नियमानुसार एक जहाज त्याच भेटस्थळी १४ दिवसांच्या आत परत जाऊ शकत नाही. म्हणून जहाजांचे मार्ग दोन-दोन आठवड्यांचे आखलेले असतात आणि त्यांचे तुकडे करून ४, ५, ८ दिवसांच्या सफरी विकल्या जातात. एका आठवड्यात सगळी बेटं दाखवणारं जहाज नाही. एकाच जहाजाच्या या आठवड्याच्या आणि पुढच्या आठवड्याच्या सफरीत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. डार्विन १८३५मध्ये इथे पाच आठवडे होता आणि तोही चारच बेटांवर उतरला, तेव्हा निवड करण्यात कमीपणा नाही.

नकाशा समोर घेतला की ही निवड सोपी होते. पृथ्वीच्या पोटातून वर येणारा तप्त खडकाचा झरा जागच्या जागी आहे आणि त्याच्यावरून नाझ्का भूपट्ट, म्हणजे ही बेटं पाठीवर घेतलेला पृथ्वीच्या कवचाचा तुकडा, पूर्वेकडे सरकतो आहे. त्यामुळे पश्चिमेची बेटं तरुण, तर पूर्वेची म्हातारी, झिजलेली.

पश्चिमेला फर्नांदिना आणि इसाबेला. फर्नांदिनाचा ला कुंब्रे ज्वालामुखी मार्च २०२४मध्ये पुन्हा पेटला होता. पुंता एस्पिनोसा इथे काळ्या लाव्हावर समुद्री इग्वानांचे थरच्या थर पहुडलेले असतात. शेवाळाबरोबर पोटात गेलेलं मीठ ते नाकातून फवारून टाकतात. तिथेच न उडणारा पाणकावळा दिसतो. आपल्या तळ्या-खाडीवरचा पाणकावळा पंख पसरून वाळवत बसतो, तसाच हाही बसतो. फक्त याचे पंख खुरटलेले, उडायला निकामी. पश्चिमेकडून येणारा खोल, थंड प्रवाह या बेटांवर आदळून वर उसळतो, म्हणून विषुववृत्तावर असूनही इथे पेंग्विन सुखाने राहतात. इसाबेलाच्या उर्बिना उपसागरात तर १९५४मध्ये समुद्रतळच काही मीटर वर उचलला गेला आणि आज तुम्ही कोरड्या जमिनीवर प्रवाळांमधून चालता.

ईशान्येला हेनोवेसा. बुडालेल्या ज्वालामुखीच्या तोंडातूनच जहाज आत शिरतं. लाल पायांचे बूबी, फुगलेल्या लाल पिशव्यांचे फ्रिगेट पक्षी आणि भरदिवसा शिकार करणारी घुबडं इथे आहेत. पक्षीवेड्यांनी हे बेट सोडू नये, मात्र रात्रीचा प्रवास लांबचा आहे.

आग्नेयेला एस्पान्योला, अल्बाट्रॉसचं घर. इथल्या महाकासवांची कथा मला फार मोलाची वाटते. एके काळी या बेटाची फक्त १४ कासवं उरली होती. त्यांच्या जोडीला सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून दिएगो नावाचा नर आणला, पैदास केली, आणि जून २०२०मध्ये ती पंधराही वृद्ध कासवं आपल्या बेटावर परत सोडली गेली.

मधली बेटं, म्हणजे सांता क्रूझ, बार्तोलोमे, सांतियागो, नॉर्थ सेमूर, जवळपास प्रत्येक मार्गात कमी-जास्त येतातच. सांतियागोच्या सलिव्हन उपसागरात लाव्हा दोरखंडासारखा पीळ घेऊन थिजला आहे. सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. आपला कातळही असाच बसाल्ट, पण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आणि आता मातीने, गवताने झाकलेला. इथला एवढा ताजा की त्यावर झाडं अजून रुजताहेत.

माझा सल्ला: पश्चिमेचा मार्ग किंवा एस्पान्योला-हेनोवेसा असलेला मार्ग, यांतला एक पूर्ण ८ दिवसांचा घ्या. ४ दिवसांच्या सफरीत पहिला आणि शेवटचा दिवस अर्धाच मिळतो, हे पैसे भरण्यापूर्वी लक्षात घ्या.

३. आता जहाज, आणि त्याहून महत्त्वाचा गाइड

इथे १००हून अधिक प्रवाशांचं जहाज चालत नाही. बरीचशी १६ प्रवाशांची असतात. किनाऱ्यावर उद्यानाचा परवाना असलेल्या निसर्ग-गाइडशिवाय पाऊल टाकता येत नाही आणि एका गाइडमागे जास्तीत जास्त १६ जण. छोट्या जहाजावर उतरणं-चढणं झटपट होतं. मोठं जहाज कमी हलतं आणि त्यावर बहुधा डॉक्टर असतो. वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर मोठ्याचा विचार करा. बोट लागत असेल तर दोन तळांचं कॅटामरान बघा आणि केबिन खालच्या मजल्यावर, मध्यभागी मागा.

बुकिंगच्या आधी तीन गोष्टी लेखी विचारा: दिवसवार भेटस्थळांची यादी, गाइडचं इंग्रजी कितपत चांगलं आहे, आणि वेटसूट (थंड पाण्यात ऊब देणारा पोशाख) भाड्यात आहे की वेगळा. शाकाहारी किंवा जैन जेवण लागत असेल तर तेही तेव्हाच कळवा, आणि ‘मासे-अंडी चालत नाहीत’ असं स्पष्ट शब्दांत. समुद्रात निघाल्यावर भाजी आणायला दुकान नाही.

४. कागदपत्रं आणि लस

भारतीय पासपोर्टवर इक्वेडोरला जाताना व्हिसाचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून दिल्लीतल्या त्यांच्या दूतावासाकडून ताजी माहिती घ्या. मुंबईहून थेट विमान नाही. युरोप किंवा अमेरिकामार्गे जाल तर त्या थांब्याचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का हे वेगळं तपासा. अनेकांची गाडी अडते ती इथेच.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस विसरू नका. भारत इक्वेडोरला पीतज्वराच्या देशांत धरतो. प्रमाणपत्राशिवाय परतलात तर मायदेशीच्या विमानतळावर तुम्हाला ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची आणि ती प्रवासाच्या किमान १० दिवस आधी. वय ६०च्या पुढे असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

वैद्यकीय विमा समुद्रातून रुग्ण हलवण्याचा खर्च देणारा हवा.

५. सामान

थोडंच. ओल्या-कोरड्या दोन्ही जागी चालणाऱ्या पट्ट्यांच्या सँडल, पकड असलेले बूट, हनुवटीखाली बांधता येणारी टोपी, लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट, पाण्याची बाटली, कॅमेऱ्यासाठी जलरोधक पिशवी, बोट लागण्याच्या गोळ्या आणि दुर्बीण. ड्रोन घरी ठेवा, परवान्याशिवाय चालत नाही. बिया, ताजी फळं, रोपं, माती यांना सक्त मनाई आहे. बुटांच्या तळाला सह्याद्रीतला चिखल आणि कुसळं चिकटलेली असतील तर निघण्यापूर्वी घासून काढा. बाहेरून आलेल्या शेळ्या, उंदीर आणि तणांनी या बेटांचं काय केलं हे तिथे गेल्यावर कळेलच.

६. बेटांवर पोचताना

जहाज कुणासाठी थांबत नाही, म्हणून इक्वेडोरच्या मुख्य भूमीवरच्या कितो किंवा ग्वायाकील शहरात निदान एक, शक्यतो दोन रात्री आधी पोचा. कितो २,८५० मीटर उंचीवर आहे, पहिल्या दिवशी धावपळ करू नका. बेटांकडे निघताना या शहरांच्या विमानतळावर २० डॉलरचं प्रवासी नियंत्रण कार्ड घ्यायचं आणि बॅगांची जैवसुरक्षा तपासणी करून घ्यायची. बाल्त्रा किंवा सान क्रिस्तोबाल या बेटांवर विमानातून उतरल्यावर उद्यानाचं प्रवेशशुल्क. १ ऑगस्ट २०२४पासून भारतीय प्रौढासाठी ते २०० डॉलर आहे, रोख बरोबर ठेवा. इक्वेडोरचं चलनच अमेरिकी डॉलर आहे, सुट्ट्या नोटा जास्त घ्या. बेटांवर घड्याळ भारताच्या साडेअकरा तास मागे लावा.

७. पांग्यातून उतरणं

जहाजावरून किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या बोटीला तिथे पांगा म्हणतात. चढता-उतरताना खलाश्याचा पंजा धरायचा नाही. त्याचं मनगट तुम्ही आणि तुमचं मनगट त्याने, अशी पकड घ्यायची. ओला हात निसटला तरी ही पकड सुटत नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, कॅमेरा पिशवीत. ‘ड्राय लँडिंग’ म्हणजे खडकावर पाय ठेवायचा, तिथे बूट. ‘वेट लँडिंग’ म्हणजे काठावर बसून पाय बाहेर फिरवायचे आणि गुडघाभर पाण्यात उतरायचं. गाइड सांगेपर्यंत उठू नका, लाट मोजणारा तो आहे.

८. वाटेवर

आखलेल्या वाटेबाहेर जायचं नाही, प्राण्यांपासून २ मीटर दूर राहायचं, फ्लॅश नाही, शिंपला-दगड उचलायचा नाही. या नियमांमागे कारण आहे. इथे जमिनीवर मोठे सस्तन शिकारी कधी नव्हतेच, त्यामुळे प्राण्यांना माणसाची भीती नाही. बूबी वाटेच्या मधोमध घरटं करतो आणि तुम्ही वळसा घालून जायचं असतं. समुद्रसिंहाचं पिल्लू स्वतःहून बुटापाशी आलं तर हलू नका, हात तर मुळीच लावू नका. ते कंटाळून जाईल.

या निर्भयपणाचा खरा उपयोग असा की तुम्हाला प्राण्यांचं वागणं बघता येतं. दहा फोटो झाले की कॅमेरा खाली ठेवा आणि एकाच जोडीकडे बघत बसा. निळ्या पायांचा नर एकेक पाऊल मुद्दाम उंच उचलून मादीला दाखवतो, चोच आणि शेपूट आकाशाकडे रोखतो, मधूनच एखादी काडी आणून पुढ्यात ठेवतो. हे सगळं व्हायला वेळ लागतो. घोळक्यात पुढे पळणाऱ्यांना ते दिसत नाही. शेवटी राहून बघायचं असेल तर गाइडला तसं आधी सांगा. चांगले गाइड अशा प्रवाशावर खूश असतात आणि अधिक काही दाखवतात.

रोज रात्री त्या दिवशीच्या नोंदी बेटाच्या नावासकट लिहा. डार्विनने आपल्या फिंच पक्ष्यांचे नमुने बेटवार वेगळे ठेवले नव्हते आणि नंतर त्याला सहप्रवाशांच्या संग्रहाचा आधार घ्यावा लागला. दोन-तीन बेटांनंतर तुमच्याही लक्षात येईल की तिथल्या मॉकिंगबर्डचा, सरड्यांचा, कासवांच्या कवचाचा घाट बदलत चालला आहे. सफरीचा खरा आनंद या तुलनेत आहे.

९. पाण्यात

अर्धं गॅलापागोस पाण्याखाली आहे, तेव्हा स्नॉर्केलिंग चुकवू नका. मास्कची सवय नसेल तर घराजवळच्या तलावात किंवा मालवण-तारकर्लीला आधी सराव करा. नाकाऐवजी नळीतून तोंडाने श्वास घेणं आणि मास्कमधलं पाणी काढणं एवढं जमलं की पुरे. पश्चिमेकडे पाणी १८-२० अंशांपर्यंत उतरतं, वेटसूट घालाच. समुद्रसिंह तुमच्याभोवती गिरक्या घेतील, पण मोठ्या नराने हद्द आखली असेल तिथून दूर राहा. पोहता येत नसेल तर पांग्यातून खारफुटीच्या खाड्या बघण्याचा पर्याय बहुतेक जहाजांवर असतो, बुकिंग करताना विचारून ठेवा. डार्विन आणि वोल्फ या दूरच्या बेटांजवळचे देवमासा-शार्क बघायचे असतील तर मात्र ही सफर कामाची नाही, तिथे खास डायव्हिंगच्या बोटीच जातात.

१०. शेवटी दोन दिवस हाताशी ठेवा

जहाजावरून उतरल्यावर लगेच विमान पकडण्याऐवजी सांता क्रूझवर पुएर्तो आयोराला दोन रात्री राहा. डोंगराळ भागातली महाकासवं मोकळ्या रानात चरताना सावकाश बघता येतात. चार्ल्स डार्विन संशोधन केंद्राच्या परिसरात पैदास केलेली पिल्लं आहेत, आणि पिंता बेटाच्या जातीचं शेवटचं कासव लोनसम जॉर्ज, जे २४ जून २०१२ला मेलं, जतन करून ठेवलं आहे. मासळी बाजारात सकाळी जा. कोळी मासे साफ करत असतात आणि पेलिकन, समुद्रसिंह ओट्यापाशी रांगेत उभे असतात. कर्मचारी आणि गाइडची बक्षिशी डॉलरमध्ये, दोन वेगळ्या पाकिटांत, जहाज सोडण्याच्या आदल्या रात्री द्यायची असते.

मार्गात फ्लोरेआना असेल तर तिथल्या पोस्ट ऑफिस बेच्या पिंपात एक पत्र टाका. तिकीट लागत नाही. पिंपातली पत्रं चाळायची, आपल्या गावाकडचा पत्ता दिसला तर ते पत्र घेऊन यायचं आणि स्वतः नेऊन द्यायचं, अशी तिथली जुनी रीत आहे.

पीतज्वराचं पिवळं कार्ड परतीच्या प्रवासात हातातल्या बॅगेत ठेवा, ते मुंबईला उतरल्यावर आरोग्य तपासणीच्या खिडकीवर दाखवावं लागतं.