जुन्या इलेक्ट्रिक गिटारला पटाशी लावण्यापूर्वी

काकांच्या गिटारची मी वाट लावली. साल १९९६, मे महिना, बेळगाव. काका सत्तर-ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रात वाजवायचे. गणपतीचे दहा दिवस निपाणी, संकेश्वर, खानापूर, चिक्कोडी असा फिरता संसार. गिटार जपानी होती, जहाजावर नोकरी करणाऱ्या मित्राकडून घेतलेली. बोटं दुखायला लागल्यावर त्यांनी ती मला दिली. मला हेवी मेटल वाजवायचं होतं. मुंबईहून मोठा हंबकर पिकअप (तारांचं कंपन पकडून ॲम्पला देणारा भाग) मागवला, तो जुन्या भोकात बसेना, म्हणून शहापुरातल्या एका सुताराकडे गेलो. त्यानं अर्ध्या तासात पटाशीनं लाकूड कोरून दिलं. हात सुंदर होता त्याचा, चूक माझी होती. मग एका गॅरेजात नेऊन काळा रंग मारून घेतला. काकांना दाखवली तेव्हा त्यांनी एक कॉर्ड वाजवला, गिटार परत दिली आणि विचारलं, "चहा घेतलास काय?"

बेळगावच्या कॅम्पात, टिळकवाडीत, खानापूरच्या वाड्यांत अजून बऱ्याच घरांच्या माळ्यांवर अशा गिटारी पडून आहेत. बहुतेक जपानी, काही कलकत्त्याच्या गिव्हसन, क्वचित जर्मन हॉफनर, आणि एखाद्याच्या नशिबात अमेरिकन फेंडर किंवा गिब्सन. १९९१ पूर्वी परदेशी गिटार मिळवणं कठीण होतं, त्यामुळे जी आली ती कुणीतरी जिवापाड जपून आणलेली असते. तुमच्या हाती अशी एखादी लागली, तर खालच्या क्रमानं जा.

१. स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवा, मोबाइल घ्या

दिवसाउजेडी फोटो काढा: पुढून, मागून, डोक्याचा, ब्रिजचा (अंगावर तारा टेकतात तो भाग), प्रत्येक स्क्रूचा. केसचेसुद्धा, म्हणजे गिटारच्या पेटीचे. केसच्या खिशातली जुनी पावती, तुटकी तार, पट्टा, काही फेकू नका. मूळ केसला स्वतंत्र किंमत असते. पुसायचीच असेल तर कोरड्या मऊ कापडानं. थिनर, स्पिरिट, गाडीचं सिलिकॉनवालं पॉलिश यांतलं काहीही नको. सिलिकॉन एकदा रंगात मुरलं की पुढे रंगाची साधी डागडुजीसुद्धा नीट बसत नाही.

२. वय ओळखा, पण सोल्डरचे डाग (तारांचे जोड) न उकलता

मागची झाकणं किंवा पुढचं पिकगार्ड (अंगावरची प्लास्टिकची पट्टी) स्क्रू काढून उचलता येतं. आत व्हॉल्यूम-टोनचे पॉट, म्हणजे नॉबखालचे फिरते भाग, दिसतील. अमेरिकन गिटार असेल तर पॉटच्या पाठीवर आकडे छापलेले असतात. पहिले तीन बनवणाऱ्याचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढचे साल आणि आठवडा. १३७६६१२ असा आकडा असेल तर पॉट १९६६ च्या बाराव्या आठवड्यातला. यावरून गिटार त्याआधीची नाही एवढंच ठरतं. फेंडरनं १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला होता आणि तो पुढची काही वर्षं वापरला, त्यामुळे १९६८ च्या गिटारीतही ६६ चे पॉट सापडतात.

हे आकडे वाचताना सोल्डरचे डाग हलवू नका. कारखान्यातले न उकललेले डाग म्हणजे त्या गिटारीचा जन्मदाखला. गिब्सनच्या पहिल्या हंबकरखाली 'पेटंट अप्लाइड फॉर' अशी चिठ्ठी असायची. सेथ लव्हर या त्यांच्या तंत्रज्ञाचा अर्ज १९५५ चा, पेटंट मिळालं १९५९ मध्ये, चिठ्ठ्या मात्र १९६२ च्या आसपासपर्यंत लागत राहिल्या. साठ-सत्तरच्या दशकात या पिकअपची धातूची टोपणं काढून टाकायची टूम होती. आज टोपणाचा मूळ डाग शाबूत असलेल्या पिकअपला जास्त मागणी आहे. टोपणं काढणाऱ्यांची नातवंडं आता तीच टोपणं शोधत फिरतात.

३. तक्रार नेमकी कुठली, ते शोधा

माझ्या मते जुन्या गिटारींची निम्मी नासाडी चुकीच्या निदानामुळे होते. मी हंबकर बसवला तो आवाजासाठी, हे मी सगळ्यांना सांगायचो. खरं कारण गुणगुण होती. काकांच्या गिटारीला सिंगल कॉइल पिकअप होते, आणि ते घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण पकडतातच. हंबकरमध्ये दोन कॉइल उलटसुलट जोडलेल्या असतात, म्हणून ती एकमेकींत मरते. पण मंडपात जी घरघर येते ती बऱ्याचदा वेगळीच असते.

हे तपासायची रीत सोपी आहे. ट्यूबलाइट, डिमर, पंख्याचा रेग्युलेटर बंद करा. गिटार ॲम्पला लावून जागेवरच गोल फिरा. दिशा बदलली की गुणगुण कमी-जास्त होत असेल, तर ती पिकअपची. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल, तर प्रश्न शिल्डिंगचा (आतल्या तारांभोवतीच्या धातूच्या आवरणाचा) आहे किंवा जागेच्या अर्थिंगचा. तोच ॲम्प दुसऱ्या घरात लावून बघा. आपल्याकडे लाऊडस्पीकरवाला मंडपात जनरेटरवर सगळं जोडतो, अर्थिंगच्या नावानं ओल्या मातीत एक सळई खोचतो, कधी तीही नाही. तिथं जगातला कुठलाही पिकअप शांत बसणार नाही. माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथंच थांबवा. आणि प्लगची तिसरी पिन कापून घरघर घालवायचा उपाय कुणी सांगितला तर त्याच्या हातात आपली गिटार देऊ नका.

बाकीच्या तक्रारी बहुतेक स्वस्तातल्या असतात. खरखर येते ती पॉटमधल्या धुळीमुळे. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळणारा काँटॅक्ट क्लीनर दोन थेंब पॉटच्या आत सोडा, रंगावर पडू देऊ नका आणि पॉट वीस-तीसदा फिरवा. आवाजच येत नसेल तर आधी जॅकची पत्ती बघा, ती सैल होते. मग मल्टिमीटर लावा: फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर मॉडेलच्या पिकअपला साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहम येतात, जुन्या गिब्सन हंबकरला सात ते नऊ. मीटर काहीच दाखवत नसेल तरी पिकअप फेकू नका, मोटार वाइंडिंगवाल्याकडेही देऊ नका. पिकअपची तार केसापेक्षा बारीक असते, हजारो वेढे असतात, आणि तुटलेली असते ती बऱ्याचदा बाहेर येणारी जोडवायरच.

सूर उतरत असेल तर लोक आधी कीज (तारा ताणायच्या खुंट्या) बदलतात. नवीन कीजसाठी डोक्यातली भोकं मोठी करावी लागतात आणि तिथून परतीची वाट नाही. त्याआधी नटच्या (डोक्याजवळच्या, तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचांत शिसपेन्सिल फिरवून बघा. तार तिथं अडकते, दोष कीजच्या माथी येतो. कीज खरोखरच झिजल्या असतील तर जुन्याच भोकांत बसतील अशा मापाच्या मिळतात.

४. रंग खरवडू नका

हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या फेंडर-गिब्सनवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असायचं. आपल्याकडे ज्याला एनसी लॅकर म्हणतात त्याचाच तो भाऊ. फेंडरचे खास रंग तर थेट मोटारींचे होते. ड्युपाँट कंपनीचे ड्युको आणि ल्युसाइट. म्हणजे आपल्या गॅरेजात 'ड्युको मारून देऊ काय?' असं जे विचारतात, तो शब्द आणि जुन्या स्ट्रॅटोकास्टरचा रंग एकाच घरातले. ते ऐकून हुरळू नका. गॅरेजवाल्याचं काम बोनेट चमकवणं, तुमचं काम जुना थर जपणं.

हे लॅकर पिवळं पडतं, भेगाळतं, हाताच्या घामानं झिजतं. ते खराब झालेलं नाही, वयात आलेलं आहे. विक्रेत्यांचा ढोबळ हिशेब असा की नव्यानं रंगवलेल्या व्हिंटेज गिटारची किंमत साधारण निम्म्यावर येते. वर पॉलिशपेपर मारताना कडांची गोलाई बिघडते, स्क्रूची भोकं रंगानं बुजतात, डोक्यावरचं नाव जातं. माझ्या गिटारीवर जाड पॉलिएस्टर होतं. ते उतरवायला गॅरेजातल्या पोराला दोन दिवस लागले, आणि त्यात मानेच्या खोबणीची एक कड गोल झाली. ती अजून तशीच आहे.

शिवाय बेळगावचा पाऊस. जून ते सप्टेंबर हवेत एवढं पाणी असतं की एनसी लॅकर मारलं तर ते पांढुरकं पडतं. फर्निचर पॉलिशवाले हे जाणतात आणि पावसात कामच घेत नाहीत.

एक छोटी सूचना: रबराचं स्टँड किंवा फोमचा हुक नायट्रो रंगाला खातो. मध्ये सुती कापड ठेवा.

५. बदल करायचाच असेल तर

वाजवणाऱ्यानं गिटारला हातच लावू नये, असं मी म्हणत नाही. फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, टायरसारखे झिजतात, ते बदलावेच लागतात. तारा बदलल्या की सेटअप बदलतो. माझी कसोटी एकच: तासाभरात स्क्रू ड्रायव्हरनं मूळ रूप परत आणता येईल का? लाकूड, रंग किंवा जुना सोल्डर डाग जाणार असेल तर उत्तर 'नाही' आहे.

स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या गिटारीत एक चांगली युक्ती आहे. पिकअप, पॉट, स्विच सगळं पिकगार्डवरच असतं. नवीन पिकगार्डवर नवीन सामान जोडून घ्या आणि जुनं अख्खं पिकगार्ड जसंच्या तसं काढून ठेवा. उकलावे लागतात ते जॅकच्या दोन तारांचे आणि मागच्या स्प्रिंगकडे जाणाऱ्या अर्थच्या तारेचे डाग. माझी कसोटी इथं थोडी ढिली पडते, पण पिकअपचे डाग शाबूत राहतात. सिंगल कॉइलच्या आकाराचे हंबकरही मिळतात. ते जुन्याच भोकात बसतात. हे मला १९९६ मध्ये ठाऊक असतं तर!

स्क्रू हरवला म्हणून उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर बनवून घेणार असाल तर आधी आटे मोजायचं गेज लावून घ्या. अमेरिकन गिटारचे स्क्रू इंची आटे असलेले, जपानी आणि जर्मन मेट्रिक. चुकीचा आटा जोर लावून फिरवला की ब्रिज गेला. मान सोडवायची असेल तर तारा सैल करा, चार स्क्रू काढा, आणि कडेनं रंग चिकटला असेल तर ओढू नका. ट्रस रॉडला (मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईला) एका वेळी पाव वळसा, मग एक रात्र थांबा. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबल्यावर सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्डाएवढी फट हवी. भर पावसाळ्यात मान वाकडी वाटली तर दसऱ्यापर्यंत वाट बघा. तोवर केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या घाला. सैल झालेल्या स्क्रूच्या भोकात बांबूची बारीक काडी आणि लाकडाचा पांढरा गोंद पुरतो. झटपट चिकटणारा गोंद रंगावर सांडला तर निघत नाही.

मानेवरची काळपट पट्टी 'जुनी झाली' म्हणून बदलायला निघालेलेही मी पाहिलेत. जुन्या फेंडरवर ब्राझिलियन रोझवूड असायचं, ज्याचा व्यापार १९९२ पासून आंतरराष्ट्रीय करारानं जवळपास बंद आहे. साठच्या दशकाच्या मध्यापासून भारतीय रोझवूड आलं. म्हणजे आपल्या खानापूर-दांडेलीच्या जंगलातली शिसवीच. आपल्याच रानातलं लाकूड काढून काय लावणार?

कुणी म्हणेल, प्रसिद्ध गिटारवादक एरिक क्लॅप्टननं नाही का तीन स्ट्रॅटोकास्टर मोडून एक 'ब्लॅकी' बनवली? बनवली, आणि २००४ मध्ये ती ९,५९,५०० डॉलरला गेली. पण त्यात स्क्रूनं सुटणारे भाग एकत्र आले होते, आणि किंमत क्लॅप्टनच्या हातांची होती. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलननं आपल्या आयबानेझ डिस्ट्रॉयर गिटारीच्या अंगाचा तुकडा करवतीनं कापला. पुढे तो स्वतःच सांगायचा की तिचा आवाज गेला.

६. कुणीतरी आधीच कापलेली असेल तर

भोकं बुजवत बसू नका, मूळ रंगाच्या नावाखाली आणखी एक थर चढवू नका. कापलेली गिटार पुन्हा अस्सल होत नाही, पण अशा गिटारी स्वस्तात मिळतात आणि बिनधास्त वाजवता येतात. विकताना मात्र काय बदललंय ते घेणाऱ्याला स्पष्ट सांगा, भोकाचे फोटो दाखवा.

काढलेला प्रत्येक भाग, अगदी वाकडा स्क्रूसुद्धा, डब्यात घालून वर तारीख लिहा. काका गेल्यावर त्यांच्या कपाटात कुंद्याचा, बेळगावच्या मिठाईचा, एक रिकामा डबा सापडला. मी फेकलेला मूळ पिकअप त्यात होता, तारेसकट, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तो आता परत बसवलाय. खालचं भोक त्याच्यापेक्षा बरंच मोठं आहे, पण पिकगार्ड लावलं की दिसत नाही.