मिठी नदी स्वतः बघून समजून घ्यायची तर काय करायचं

मुंबईची मिठी नदी जेमतेम 18 किलोमीटरची, पण सगळी एका दिवसात काठाकाठाने चालायचा हट्ट धरू नका, बऱ्याच ठिकाणी काठावर जाताच येत नाही. आधी मोबाईलवर सॅटेलाईट मॅप उघडा, विहार तलावापासून माहीमच्या खाडीपर्यंत नदी धरून खाली या आणि मग मोजक्या जागा प्रत्यक्ष बघा.

सुरुवात पवईला करा, तीही जुलै-ऑगस्टमध्ये तलाव भरून वाहायला लागल्यावर. विहार 1860 सालचा, पवई त्यानंतर साधारण तीस वर्षांनी, दोन्ही इंग्रजांच्या काळात शहराच्या पाण्यासाठी बांधलेले, आणि मिठी सुरू होते ती यांच्याच सांडव्याच्या पाण्यातून. पावसाळा संपला की नदीत वाहतं ते बहुतेक सांडपाणीच.

साकीनाका, मरोळ पटकन उरकलं तरी चालेल. विमानतळापाशी मात्र मॅप झूम कराच, नदी धावपट्टीखालून जाते आणि चक्क काटकोनात वळते, आता सपाट जमिनीवरची नदी आपणहून अशी वळत नाही, ती वळवलेली असते.

सगळ्यात जास्त वेळ बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाला द्या. इथे खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याची दलदल होती, भरतीचं आणि पावसाचं पाणी पसरायला जागा होती, 1977 नंतर त्यावर भराव टाकून ऑफिसं उभी राहिली. भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघा आणि नदीवरच्या एकाच पुलावर दोनदा जा, मध्ये सहा तास सोडून. समुद्राचं पाणी किती आत येतं ते बघितलं की 26 जुलै 2005 ला काय झालं ते नीट कळतं, सांताक्रूझला 24 तासात 944 मिलिमीटर पाऊस, त्यात दुपारची मोठी भरती, आणि पसरायची जागा आपणच बुजवलेली, मग पाणी कुर्ल्यात, कलिन्यात घुसणार नाहीतर काय! मला तरी हे बघून फार वाईट वाटतं.

शेवटी माहीम. 1845 चा कॉजवे, म्हणजे माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता बघा, त्याचा खर्च अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दिला होता. धारावीच्या बाजूचं निसर्ग उद्यान पूर्वी कचऱ्याचं डम्पिंग होतं, आता तिथे झाडी आहे आणि नदीच्या कडेला तिवरं. वेळ असेल तर माहीम कोळीवाड्यात जुन्या माणसांशी बोला, खाडीत कुठली मासळी मिळायची, पाणी कधीपासून काळं झालं ते विचारा आणि तिथल्या तिथे लिहून घ्या.