गावच्या कोचच्या नावाने स्मृतिचषक कसा भरवावा

आधी तारीख. पुण्यतिथीलाच स्पर्धा हवी, हा हट्ट सोडून द्या. आमचे कबड्डीचे कोच, सगळी वाडी त्यांना भाऊ म्हणायची, आषाढात गेले. त्या दिवसांत आमच्या मैदानात बेडूक असतात. कबड्डीमहर्षी बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. तोही आपल्याकडे छपराखालीच पाळावा लागतो. पुण्यतिथीला घरी जाऊन फोटोला हार घाला आणि स्पर्धा जानेवारीत घ्या. भात घरात आलेलं असतं, मळे रिकामे असतात, पोरं अजून आंब्याच्या पेट्या भरायला गेलेली नसतात आणि शिमगा लांब असतो. चाकरमानी येतात म्हणून मे महिना धरणारे प्रत्येक मंडळात असतात. त्यांना मे महिन्यात दुपारी चारला त्या मातीवर अनवाणी उभं करा.

मैदानाबद्दल फार सांगत नाही. पुरुषांना १३ बाय १० मीटर, महिलांना १२ बाय ८. पुरुषांची निदानरेषा (चढाई करणाऱ्याने निदान ओलांडायची ती) मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर, तिच्यापुढे १ मीटरवर जादा गुणाची बोनस रेषा. टेप धरून आखा, पावलं मोजून नको. आपली माती जांभ्याची. खडे वेचून काढले नाहीत तर पहिल्याच पकडीत गुडघा सोलतो. पाणी मारा, चोपा, वाळू द्या.

संघ किती बोलवायचे यावर भांडण ठरलेलं, पण ते गणिताने सुटतं. पुरुषांचे २० मिनिटांचे दोन डाव आणि मधली ५ मिनिटं धरली तर एक सामना पाऊण तासाचा. बाद पद्धतीने १६ संघांचे १५ सामने होतात, म्हणजे सव्वाअकरा तास, आणि लाऊडस्पीकर रात्री १० ला बंद करावा लागतो. ८ संघ घ्या, ७ सामने, दुपारी साडेतीनला पहिली चढाई. जिल्हा असोसिएशनची मान्यता, पंच, पोलीस परवानगी, बर्फ आणि पट्ट्या हे तुम्हाला सांगायला नको.

बॅनरवर ज्याच्या नावाने स्पर्धा त्याचा फोटो सगळ्यात मोठा असावा. हे लिहावं लागतंय यातच काय ते आलं. आणि तो फोटो आधार कार्डावरचा मोठा करून लावू नका, त्यात कोणीच स्वतःसारखं दिसत नाही.

आता खरं काम. ज्याच्या नावाने हे सगळं चाललंय त्याच्याबद्दल मैदानावर पाच मिनिटं बोलायचं असतं, आणि तिथे जवळजवळ सगळी मंडळं पडतात. मीही पडलो. पहिल्या वर्षी ते भाषण मी लिहिलं. ‘क्रीडामहर्षी’ घातलं, ‘अजातशत्रू’ घातलं, आणि आपल्याकडे हमखास जे वाक्य येतं तेही घातलं: भाऊंनी कबड्डीसाठी घरावर तुळशीपत्र ठेवलं. टाळ्या भरपूर पडल्या. काकी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, पहिल्या रांगेत बसल्या होत्या. नंतर चहा द्यायला गेलो तर कप हातात घेत म्हणाल्या, “तुळशीपत्र कसलं रे? रोज साडेआठला पाटावर असायचे.”

मला जागच्या जागी गाडलं असतं तरी चाललं असतं. कारण ते खरं होतं आणि मला माहीत होतं. भाऊ शिंपी. पडवीत मशीन. दिवे लागले की मशीनवर कापड टाकायचे आणि मैदानावर यायचे. आठ वाजले की शिट्टी खिशात. ‘अजून एक डाव, भाऊ’ असं कितीही म्हटलं तरी उत्तर एकच: “घरी पोरगी ताट घेऊन बसल्येय.” मुलीचा शाळेचा गणवेश दर जूनला त्यांनीच शिवला, आणि गर्दीच्या दिवसांतही गिऱ्हाइकाच्या आधी तिचा. या माणसाला मी टाळ्यांसाठी घर सोडायला लावलं होतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. ‘संसाराकडे दुर्लक्ष करून’, ‘तहानभूक विसरून’, ‘घरावर तुळशीपत्र’ ही वाक्यं कागदावर दिसली की काट मारा. लिहिणाऱ्याला वाटतं आपण मोठेपणा देतोय. पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोला आणि मुलांना ऐकू येतं की आपण त्यांच्या लेखी नव्हतो. एखाद्याने खरंच दुर्लक्ष केलं असेल, तर ते माइकवरून सांगायची गरज त्याहून कमी.

मग लिहायचं काय? ते घरी जाऊन विचारायचं. तेराव्याच्या आत जाऊ नका, फोनवर विचारू नका, आणि मंडळाचे सहा जण मिळून सोफ्यावर ओळीने बसू नका. एकट्याने किंवा दोघांनी जा, दुपारी, घरची जेवणं झाल्यावर. ‘भाऊ कसे होते?’ असं विचाराल तर ‘फार चांगले होते’ एवढंच मिळेल आणि डोळ्याला पदर लागेल. वस्तू विचारा. वेळ विचारा. सामना हरून आले की घरी काय करायचे? मी हे विचारलं तेव्हा काकी हसल्या. म्हणाल्या, काही बोलायचे नाहीत, मशीनवर बसून उसवायचे. शिवायचे नाहीत, उसवायचे. दुसऱ्या दिवशी तेच परत शिवायचे. तेवढी एक ओळ वाचली तेव्हा आमच्या मैदानावर जी शांतता झाली, ती दोन मिनिटांच्या श्रद्धांजलीतही होत नाही. (त्या दोन मिनिटांना घड्याळ लावा. निवेदक चाळीस सेकंदांत ‘बसा’ म्हणतो.)

काकींनी त्याच दुपारी हजेरीची वही काढून दिली. दोनशेपानी, पुठ्ठ्याला अस्तराचं कापड शिवलेलं. गैरहजर पोरांपुढे फुली नव्हती, कारण होतं: ‘ताप’, ‘आजी’, ‘चाचणी’, ‘मासळी उतरवायला’. एका नावापुढे सलग आठवडाभर ‘चड्डी नाही’ आणि मग पुढच्या सोमवारी नुसती हजेरीची बरोबरची खूण. ती चड्डी कुठून आली हे वहीत नाही. काय कापडाची होती हे मला आठवतं, कारण आमच्या घरच्या पडद्यांनाही तेच कापड होतं.

खेळाडूंकडून आठवणी घेताना माझा एक नियम आहे, आणि यावर मी मंडळात दोनदा भांडलोय. स्टार चढाईपटूला विचारू नका. तो स्वतःच्या चढाईबद्दल बोलेल. कबड्डीच्या संघात १२ जण असतात, ७ मैदानात आणि ५ बाहेर. त्या बाहेरच्या पाचांकडे जा. कोचच्या शेजारी बाकावर तेच बसलेले असतात, तो पुटपुटतो ते त्यांनीच ऐकलेलं असतं. मी चार वर्षं त्या बाकावर होतो. आमच्यावर लोण पडला, म्हणजे आमचे सगळे गडी बाद झाले, की भाऊ डाव्या हाताने माझी मांडी घट्ट धरायचे, आणि उजव्या हाताने मैदानातल्या पोरांना ‘काही नाही, काही नाही’ अशी खूण करायचे. मैदानातल्या सातांना फक्त उजवा हात माहीत आहे.

लिहिलेलं साडेपाचशे शब्दांच्या वर जाऊ देऊ नका. सावकाश वाचलं तर पाच मिनिटं एवढ्यात भरतात. आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी नाही, निदान आठवडाभर आधी घरच्यांना वाचून दाखवा. ही पायरी कोणी गाळू नये. दुसऱ्या वर्षी मी मोठ्या अभिमानाने वाचलं, ‘भाऊंनी संघाच्या जर्सी फुकट शिवून दिल्या’. काकींनी तिथेच थांबवलं. “फुकट नाही, उधारीवर. अजून येणं आहे.” आम्ही ‘उधारीवर’ असंच वाचलं. मैदान हसलं, आणि काही माजी खेळाडू खाली बघायला लागले.

वाचायचं कधी? उद्घाटनाला नाही. तेव्हा मैदानावर पाहुणे असतात आणि खुर्च्या असतात. अंतिम सामन्याच्या आधी, दोन्ही संघ रेषेवर उभे असताना वाचा. पण पोरांनी अंग गरम करायच्या आधी. गरम केलेलं अंग पाच मिनिटं उभं ठेवलं की पहिल्या चढाईत स्नायू धरू शकतो, आणि भाऊंनी याच्यासाठी तुम्हाला फोडून काढलं असतं. वाचणारा माजी खेळाडू असावा, हातात कागद असावा. निवेदकाला देऊ नका, तो मध्ये शेर घालतो. पुढाऱ्याला तर नकोच, तो आपल्या निधीवर येतो. वाचणाऱ्याचा आवाज भरून आला तर त्याला थांबू द्या, पाठीवर थोपटायला स्टेजवर धावू नका.

बक्षीस समारंभ दहा मिनिटांत उरका. चषक घरच्यांच्या हातून द्या, तेही आधी विचारून. सगळ्यांना स्टेजवर चढायचं नसतं. भाऊंची मुलगी पहिली तीन वर्षं नाही म्हणाली. आम्ही चौथ्या वर्षी परत विचारलं, मधल्या काळात आग्रह केला नाही.

एक शेवटचं. मैदानाच्या कडेला टेबल मांडून त्यावर त्यांच्या वस्तू ठेवायची पद्धत चांगली आहे. आम्ही वही, शिट्टी आणि शिवणाची कात्री ठेवतो. पण त्या वस्तू घरच्यांच्या आहेत, रात्रीच परत पोचवा. एका वर्षी शिट्टी हरवली. मांडववाल्याचे बांबू हलवले, कचऱ्याची पिशवी उलटी केली, काकींना काय सांगायचं म्हणून दोन दिवस त्यांच्या घरावरून गेलो नाही. तिसऱ्या दिवशी एका पंचांचा फोन आला. त्यांची शिट्टी ऐनवेळी फुटली होती, टेबलावरची दिसली ती उचलली. अख्खी फायनल त्यांनी त्याच शिट्टीवर खेळवली होती, आणि आम्हाला कुणालाच आवाज ओळखू आला नाही. काकी म्हणाल्या, “मला आला.” आता टेबलावरच्या वस्तूंची यादी करतो आणि सांभाळणाऱ्याची सही घेतो.