आधी एमआयसी नीट शिका

मी नवी प्रतिजैविकं शोधते. माझं पहिलं संयुग जिवाणूंच्या एका एन्झाइमला कागदावर उत्तम रोखत होतं. ई. कोलायवर मात्र शून्य परिणाम. एन्झाइमला ते आणखी घट्ट चिकटावं म्हणून मी तीन महिने रेणूची रचना बदलत राहिले. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने टॉलसी जनुक (बाहेर फेकणाऱ्या पंपांना लागणारं) काढलेल्या ई. कोलायवर तेच संयुग तपासायला सांगितलं. अगदी थोड्या मात्रेत वाढ थांबली. म्हणजे रेणू आत शिरत होता, पण पेशीच्या आवरणातले इफ्लक्स पंप त्याला बाहेर फेकत होते. आता प्रत्येक नवं संयुग मी पहिल्याच आठवड्यात या स्ट्रेनवर तपासते.

ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह (दुहेरी पटलाच्या) जिवाणूंचं बाह्य पटल आणि हे पंप, खरी लढाई इथेच आहे. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपनीने 1995 ते 2001 दरम्यान सुमारे 70 स्क्रीन, म्हणजे असंख्य संयुगांच्या चाळण्या, चालवले, त्यातून हाती आले फक्त 5 लीड, म्हणजे पुढे न्यावीत अशी संयुगं. उलट सेफिडेरोकॉल हे प्रतिजैविक जिवाणूंच्याच लोह आत घेण्याच्या वाटेने शिरतं. त्याला 2019 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

एमआयसी म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा. चाचणी सोपी वाटते, पण इनॉक्युलम, म्हणजे सुरुवातीला घातलेले जिवाणू, मिलिलिटरला सुमारे 5 लाख पेशींपेक्षा बराच जास्त झाला तरी आकडा फिरतो. प्रत्येक वेळी एटीसीसी 25922 हा ई. कोलायचा प्रमाणित स्ट्रेन तुलनेसाठी सोबत ठेवा. त्यावर सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाचा आकडा मिलिलिटरला 0.004 ते 0.016 मायक्रोग्रॅमच्या बाहेर गेला, तर त्या दिवसाचे निकाल सोडून द्या, कितीही मोह झाला तरी. चांगला आकडा आला की सिरम घालून पुन्हा करा. प्रथिनांना चिकटून बसलेली कितीतरी संयुगं इथेच गळतात. मानवी पेशींवरची विषारीपणाची चाचणीही तेव्हाच उरका.

नोकरीचं सांगायचं तर, प्लाझोमायसिन या प्रतिजैविकाला जून 2018 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि ते बनवणारी अकेओजेन कंपनी एप्रिल 2019 मध्ये दिवाळखोरीत गेली. चांगलं औषधही राखून वापरावं लागतं, त्यामुळे विक्री कमी होते. म्हणून रसायनशास्त्रासोबत जीनोम विश्लेषणही शिकून घ्या. दुसरीकडे काम शोधताना ते हाताशी असतं.

ते प्रयोगशाळेतही लगेच उपयोगी पडतं. एमआयसीच्या चौपट मात्रेच्या प्लेटवर अब्जभर पेशी पसरून ठेवा. ज्या मोजक्या वसाहती उगवतील, त्यांचा जीनोम वाचा. तुमचं संयुग नेमकं कुठे मार करतं, याचा पहिला धागा बहुतेक वेळा तिथल्या बदललेल्या जनुकातच मिळतो.