रुग्णभेटीची सेवा शिकवताना या चुका टाळा

पाळकीय सेवेच्या शिबिरांना आपल्याकडे तोटा नाही. शनिवार-रविवारचे दोन दिवस, सकाळी बायबल अभ्यास, दुपारी एखाद्या डॉक्टरांचं भाषण, शेवटी प्रमाणपत्रं आणि ग्रुप फोटो. पुढच्या आठवड्यात त्यातलीच एक ताई वॉर्डात जाते, खाटेशेजारी उभी राहते आणि तिला काय बोलावं ते सुचत नाही. मग जे अंगवळणी पडलंय ते ती करते: वचन वाचते, प्रार्थना करते, निघते. रुग्णाने तोंड उघडलेलंच नसतं.

इस्पितळं, हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या आजाऱ्यांची शुश्रूषागृहं), घरी अंथरुणाला खिळलेले आजारी, नुकताच मृत्यू झालेली घरं अशा सेवांसाठी पाळक आणि मंडळीतले लोक तयार करताना त्याच त्या चुका होतात. मोठ्यात मोठी चूक वेळापत्रकातच असते.

भाषणं फार, खाट कमी

१९२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत वूस्टर इथल्या मनोरुग्णालयात अँटन बॉयसन या पाळकांनी ईश्वरविज्ञानाचे विद्यार्थी थेट रुग्णांमध्ये आणून ठेवले. बॉयसन स्वतः मानसिक आजारातून गेले होते. रुग्ण हाच वाचायचा दस्तऐवज, असं त्यांचं म्हणणं. त्यातून जी पद्धत वाढली ती क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, म्हणजे सीपीई. तिथे एका युनिटचं रूढ माप ४०० तासांचं आहे. त्यातले साधारण १०० तास वर्ग आणि मार्गदर्शनाचे, बाकीचे सगळे प्रत्यक्ष सेवेचे. आपल्याकडे वेल्लोरच्या सीएमसी (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) इस्पितळातला चॅप्लेन्सी विभाग, म्हणजे तिथल्या पाळकीय सेवेचा विभाग, हे प्रशिक्षण देतो.

स्थानिक मंडळीला ४०० तास परवडत नाहीत, हे मान्य. पण वॉर्डातले तास वर्गाच्या तासांपेक्षा जास्त हवेत, ही अट सोडू नका. १२ आठवडे, आठवड्याला तीन तासांचा एक वर्ग आणि दोन-दोन तासांच्या दोन वॉर्डफेऱ्या, एवढं नोकरदारांनाही जमतं. गट सहा ते आठ जणांचा ठेवा. वर्गात एका भेटीच्या चर्चेला पाऊण तास लागतो, बाकीचा वेळ शिकवण्यात आणि सरावात जातो, म्हणजे तीन तासांत दोनच भेटी नीट होतात. आठ जणांच्या गटात प्रत्येकाची पाळी दोन-तीनदा येते. 'सगळ्यांना संधी' म्हणून वीस जण घेतले की पाळी एकदाच येते, आणि पहिल्या खेपेला माणूस फक्त घाबरलेला असतो.

वर्बेटिम: खरं शिक्षण इथं आहे

भेटीनंतर संवाद आठवेल तसा शब्दशः लिहून काढायचा, याला वर्बेटिम म्हणतात. वर थोडक्यात माहिती: वय, आजार, कितवा दिवस, जाताना आपल्या मनात काय होतं. मग क्रमांक घालून संवाद. 'से' म्हणजे सेवक, 'रु' म्हणजे रुग्ण. हा बनवलेला नमुना पाहा. मधुमेहाने पाय कापावा लागलेली ५८ वर्षांची बाई, शस्त्रक्रियेनंतरचा चौथा दिवस:

रु१: पाय गेला. आता कशाला ठेवलंय देवानं मला?
से१: असं म्हणू नये मावशी. देव करतो ते बऱ्यासाठीच.
रु२: हं.
से२: (रोमकरांस पत्र ८:२८ वाचून दाखवते.)
रु३: बरं बाई. प्रार्थना करा तुम्ही.

लिहिणारी सेविका खाली शेरा मारते: 'मावशींना समाधान वाटलं, त्यांनी स्वतःहून प्रार्थना मागितली.' वर्गाने इथेच थांबायला हवं. 'रु२'मधला 'हं' म्हणजे दार लागल्याचा आवाज आहे. 'रु३'मधली प्रार्थनेची विनंती तर आपल्याकडे पाहुण्याला निरोप द्यायची सभ्य रीत आहे, 'चहा घेणार का' म्हणतात तशी. आता 'से१' बदलून तोच प्रसंग दोघींनी वर्गात करून पाहावा. 'कशाला ठेवलंय, असं वाटतंय तुम्हाला,' एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. त्यावर बहुधा सून येते, घराचे तीन जिने येतात, संडासला कोण नेणार ते येतं. मावशींचा प्रश्न त्या जिन्यात अडकलेला असतो. वचन नंतरही वाचता येतं, तेव्हा ते कानात शिरतं.

लिहिताना चुका होतात त्या अशा. दोन दिवसांनी लिहिलं की संवाद गुळगुळीत होतो आणि सेवक शहाणा दिसू लागतो. त्याच संध्याकाळी लिहा. वॉर्डात वही काढू नका, मोबाइलवर रेकॉर्डिंग तर नकोच. पूर्ण तासाचा संवाद लिहायच्या भरीला पडू नका, दहा-बारा देवाणघेवाणी पुष्कळ झाल्या. शांतता झाली तर तीही लिहा, 'साधारण अर्धा मिनिट कुणी बोललं नाही' अशी. नाव, गाव, खाट क्रमांक काढून टाका. प्रती वर्गात वाटून वर्ग संपताच परत घ्या आणि फाडा. व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवणारा गट पहिल्याच आठवड्यात पकडला जातो. त्याला तिथेच आवरा.

एक बाजूची गोष्ट. रोलप्लेमध्ये सगळे बायबलच्या मराठीत रडतात. 'माझा जीव व्याकूळ झाला आहे' असं वॉर्डात कुणी बोलत नाही. वऱ्हाडी, अहिराणी, वसईची बोली, ज्याची जी असेल त्यातच सराव करून घ्या.

पाळकसाहेब गटात असले की

पाळक आणि प्रापंचिक (मंडळीतले सामान्य लोक) एकत्र शिकावेत हे तत्त्व चांगलं, पण पाळकसाहेब वर्गात बसले की बाकीचे त्यांच्या तोंडाकडे बघून बोलतात. मार्गदर्शकाने प्रश्न विचारला की मंडळी म्हणते, 'साहेब सांगतील.' यावर एक साधा उपाय चालतो: पहिली वर्बेटिम पाळकांनी आणायची, तीही फसलेल्या भेटीची. साहेबांचा 'से४' चुकला हे सगळ्यांसमोर निघालं की इतरांच्या वह्या उघडतात. पाळक तयार नसतील, तर पहिले चार आठवडे त्यांचा गट वेगळा ठेवा.

कुणाची हद्द कुठे, हेही पहिल्याच दिवशी सांगा. कॅथलिक रीतीत आजाऱ्यांना तैलाभ्यंगाचा संस्कार फक्त धर्मगुरूच देऊ शकतो. कॅथलिक चर्चच्या कायद्याचं (कॅनन लॉ) कलम १००३ तसं सांगतं. ख्रिस्तप्रसाद (प्रभुभोजनाची भाकर) नेण्याची परवानगी मिळालेल्या प्रापंचिकाने कपाळाला तेल लावून प्रार्थना केली, तर घरच्यांचा गैरसमज होतो आणि फादरांना वेळेवर बोलावणं राहून जातं. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये याकोब ५:१४ चा आधार घेऊन मंडळीचे वडीलही (एल्डर) तेल लावतात. दोन्हीकडचे लोक एका वर्गात असतील तर हा फरक तोंडी सांगून भागत नाही, लिहून द्या.

वॉर्डातल्या बारीक चुका, ज्या महागात पडतात

आत शिरण्याआधी नर्सला विचारायचं: आज भेटलं तर चालेल का, काही खबरदारी? खाटेला 'एनबीएम'ची (तोंडाने काहीही द्यायचं नाही) पाटी असेल किंवा नाकातून नळी असेल तर प्रभुभोजनाची भाकर द्यायची नाही, 'एवढासा तुकडा' म्हणूनसुद्धा नाही. पक्षाघात झालेल्या माणसाला तो तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. कॅथलिक विधीत घन काही गिळता न येणाऱ्याला फक्त द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद देता येतो, पण तोही नर्सला विचारूनच. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत मेणबत्ती पेटवू नका. केमो चालू असलेल्याकडे फुलं नेऊ नका.

हात आत जाताना आणि बाहेर येताना सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद चोळायचे. हे शिकवायला घड्याळ लावा, कारण बहुतेकांचं काम पाच सेकंदांत आटोपतं. खाटेवर बसू नका, स्टूल घ्या, म्हणजे डोळे एका पातळीवर येतात. दहा-पंधरा मिनिटं पुरे. बेशुद्ध रुग्णाशीही नावाने बोला, आणि त्याच्या उशाशी बसून नातेवाइकांबरोबर 'काही खरं नाही' अशी कुजबुज करू नका.

रुग्ण ख्रिस्ती नसेल आणि त्याने मागितली नसेल, तर प्रार्थना नाही. पत्रकं उशाखाली ठेवायची नाहीत. आजारी माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याच्यापुढे केलेला प्रचार त्याला ऐकावाच लागतो. इस्पितळाच्या व्यवस्थापनाची लेखी परवानगी याच एका चुकीने रद्द होते, आणि मग पुढच्या गटाला दार बंद.

'प्रार्थनेसाठी' सांगितलेली गुपितं

मंडळीत गुप्तता फुटते ती बहुतेक वेळा प्रार्थनेच्या वाटेने. 'अमक्या ताईंच्या गर्भाशयाच्या गाठीसाठी प्रार्थना करा' हा संदेश दोनशे जणांच्या ग्रुपवर जातो, ताईंच्या दिरालाही कळतं. नियम असा ठेवा: नाव आणि आजार रुग्णाच्या स्पष्ट होकाराशिवाय कुठेही सांगायचा नाही. 'एका भगिनीसाठी' एवढं देवाला पुरतं.

पण 'काहीही झालं तरी सांगणार नाही' असं वचनही प्रशिक्षणार्थ्याने देऊ नये. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावं लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे. 'मंडळीत मिटवून घेऊ' म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही हे लागू. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. फादरांपुढच्या कुमसाराची (पापकबुलीची) गुप्तता संस्काराची आहे. प्रापंचिक सेवकाने ती स्वतःला चिकटवून घेऊ नये.

आजाराला भूत म्हणणं

आवाज ऐकू येणं, झोप उडणं, अंगात आल्यासारखं करणं, यावर उपास-प्रार्थना सांगून गोळ्या बंद करायला लावणारा सेवक ताबडतोब थांबवावा लागतो. मारहाण करून, कोंडून 'भूत काढणं' महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. प्रार्थना करा, गोळ्याही चालू ठेवा, एवढं वाक्य पाठ करून घ्या.

आत्महत्येबद्दल सरळ विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार घातला जात नाही. 'जीव द्यावासा वाटतो का?' हा प्रश्न वर्गात मोठ्याने म्हणायचा सराव हवा, पहिल्यांदा जीभ अडखळतेच. उत्तर 'हो' आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना आणि डॉक्टरांना गाठायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही.

कुणाला घ्यायचं, आणि नंतर काय

प्रार्थनासभेत छान बोलणाऱ्यांना आधी निवडलं जातं. बघायचं ते हे, की मुलाखतीत पाच मिनिटं समोरच्याला न तोडता ऐकता येतं का. घरात मृत्यू होऊन वर्ष झालं नसेल तर थांबायला सांगा. तळमळ खरी असते, पण प्रत्येक खाटेवर त्यांना आपलंच माणूस दिसतं.

प्रमाणपत्र दिलं की प्रशिक्षण संपलं, ही शेवटची चूक. नेमणूक एका वर्षाची करा. आठवड्याला चारपेक्षा जास्त रुग्ण एकाकडे नकोत. महिन्यातून एकदा दीड तास बसा, प्रत्येक वेळी एक वर्बेटिम. ज्याच्याकडचे दोन-तीन रुग्ण एकाच महिन्यात गेले, त्याला दोन आठवडे सुटी द्या, त्याने मागितली नसली तरी. त्या काळात त्याच्या खाटा कोण बघणार, ते नाव भेटींच्या वहीत आधीच लिहिलेलं असावं.