पोरगं रिक्षात बसलं म्हणजे शाळेत पोचलं? या चुका टाळा

जून आला की दप्तर, वह्या, गणवेश यांची धावपळ होते. पोराला ने-आण कोण करणार, हा प्रश्न मात्र "शेजारच्यांचं पोरगं जातं, तीच रिक्षा लावून देऊ" एवढ्यावर मिटतो. खरा धोका घर आणि वर्ग यांच्या मधल्या अर्ध्या तासात असतो. त्या वेळात पोर नेमकं कोणाच्या ताब्यात आहे, हे पुष्कळ घरांत कोणालाच सांगता येत नाही.

चालकाचा मोबाइल नंबर सगळ्यांकडे असतो, गाडीचा कोणाकडेच नसतो. नंबर पाटीचा फोटो काढा आणि सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. गाडीचं फिटनेस प्रमाणपत्र आणि विमा कधीपर्यंत आहे ते तिथे दिसतं. तीन सीटच्या रिक्षात आठ-दहा पोरं कोंबलेली असतील, त्यातलं एक चालकाच्या मांडीशी खेटून बसत असेल, तर पैसे स्वस्त पडतात म्हणून गप्प बसू नका. शाळेत पोरांच्या ने-आणीवर लक्ष ठेवणारी परिवहन समिती असायला हवी, हे 2011 च्या राज्याच्या स्कूलबस नियमांतच आहे. तिची बैठक शेवटची कधी झाली, ते मुख्याध्यापकांना विचारा. बहुतेक वेळा उत्तर ऐकण्यासारखं असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक बदली माणसाची. लग्नसराईत आपला रिक्षावाला वऱ्हाडाला जातो आणि शालक गाडी घेऊन येतो. पोरगं संध्याकाळी सहज सांगतं, "आज दुसरा भाऊ उना व्हता (आला होता)." तोवर दिवस संपलेला असतो. पहिल्या दिवशीच ठरवून टाका: दुसरा माणूस येणार असेल तर आधी फोन, फोन नसेल तर पोर चढणार नाही. शाळेलाही लिहून द्या की अमुक दोघांशिवाय कोणाच्या हाती सोडू नका. "मी याचा मामा" म्हणणाऱ्यासाठी घरात एक परवलीचा शब्द ठेवा, कळण्याची भाकरी म्हणा की आणखी काही. महिनाभरात तो सगळ्या वर्गाला माहीत झालेला असतो, तेव्हा बदलत राहा.

जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा, एरंडोलच्या पट्ट्यात सुरत–नागपूर महामार्गालगतच्या गावांत पोरांना पलीकडच्या बाजूला उतरवून गाडी निघून जाते. थांबलेल्या गाडीच्या पुढून पोर धावलं की मागून ओव्हरटेक करणाऱ्याला ते दिसतच नाही. गाडी पूर्ण निघून जाईपर्यंत कडेला थांबायचं, हे तोंडी सांगून भागत नाही, चार दिवस सोबत उभं राहून करून घ्यावं लागतं. कापसाच्या हंगामात तर रिफ्लेक्टर नसलेल्या, दोन्ही बाजूंनी फुगलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. लहानग्यांना घ्यायला मोठं माणूसच जाऊ द्या.

दुचाकीवर बाप हेल्मेटमध्ये आणि पोरगं टाकीवर उघडं, हे चित्र रोजचं. चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट सक्तीचं आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या बाळाला हेल्मेटसोबत चालकाशी बांधून ठेवणारा पट्टाही लागतो आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. नववीतल्या पोराला स्कूटी देणाऱ्यांनी एवढं वाचावं: पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

एप्रिलच्या उन्हात बंद पत्र्याच्या व्हॅनमध्ये पाण्याची बाटली हवीच.

"अनोळखी माणसाशी बोलू नको" एवढंच शिकवून थांबू नका. त्रास देणारा बहुतेकदा ओळखीतलाच असतो. एखादं पोर अचानक "त्या रिक्षात नाही जायचं" म्हणून हटून बसलं, तर "नाटकं करू नको" म्हणू नका. शांतपणे ऐका, तेच ते दहा वेळा विचारू नका, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. लैंगिक छळाची शंका असेल तर कपडे न धुता बाजूला ठेवा आणि 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा 112 (पोलिसांची तातडीची मदत) ला फोन करा. गावातली चार मोठी माणसं "आपसात मिटवू" म्हणतील. पण मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यानुसार माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेनेसुद्धा.